भिंतीच्या पोटातील कार्बन

संग्रहालयात गेलो की आपण कपाटांतील वस्तू पाहतो. ती कपाटे ज्या इमारतीत असतात तिच्याकडे मात्र क्वचितच लक्ष देतो. खरे तर इमारत हीसुद्धा एक वस्तूच असते. ती कशाची बांधली, तो माल कोठून आला, तो तयार करताना किती इंधन जळले, हे प्रश्न तिलाही विचारता येतात. या प्रश्नांची उत्तरे शोधताना भूगोल, रसायन आणि अंकगणित असे तीन विषय एकत्र येतात. म्हणून शाळेच्या दृष्टीने हा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

उदाहरणासाठी आपण एक गाव घेऊ. वाशीम जिल्ह्यातील, रिसोड तालुक्यातील रिठद. समजा, तेथील शाळेने ठरवले की गावातील तिफण, वखर, जाते, पायली, जुनी भांडी, मोडीतील कागद अशा वस्तू जमवून एका खोलीचे छोटे संग्रहालय करायचे. खोली आतून ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच. आता प्रश्न असा, की ती कशाची बांधावी? माती, दगड, वीट की काँक्रीट? गावातल्या गवंड्याला विचारले तर तो टिकाऊपणा आणि खर्च यांचा विचार करून उत्तर देईल. आपण त्यात आणखी एक हिशेब मिळवणार आहोत, तो कार्बनचा.

इमारत उभी राहण्याआधीचा धूर

इमारतीमुळे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड दोन प्रकारचा असतो. पहिला वापराचा, म्हणजे दिवे, पंखे, वातानुकूलन यांसाठी लागणाऱ्या विजेमुळे वर्षानुवर्षे जाणारा. दुसरा इमारत उभी राहण्यापूर्वीच गेलेला. खाणीत, भट्टीत, कारखान्यात आणि मालमोटारीत जळलेल्या इंधनाचा हा वायू असतो. या दुसऱ्या प्रकाराला अंतर्भूत कार्बन म्हणतात. तो भिंतीत खरोखर साठलेला नसतो. भिंत उभी राहण्यासाठी तो हवेत गेलेला असतो. भिंतीच्या नावावर मांडलेला तो जुना खर्च आहे, एवढेच समजावे.

हा खर्च बहुतेक वेळा एका प्रश्नावर ठरतो, की माल भाजला का, आणि किती तापवला?

मातीची भिंत उन्हात वाळते. वीट सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजावी लागते. चुना करण्यासाठी चुनखडी सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवतात. सिमेंटच्या भट्टीत तापमान १४५० अंशांच्या आसपास असते. लोखंड वितळवायला त्याहून अधिक उष्णता लागते.

चुना आणि सिमेंट यांच्या बाबतीत इंधनाशिवाय आणखी एक गोष्ट घडते. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते तापवले की त्याचे दोन भाग होतात, कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो वायू निघून जातो. हा वायू इंधनाचा नव्हे, दगडातलाच असतो. भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी तो निघणारच. सिमेंटच्या एकूण कार्बनपैकी निम्म्याहून अधिक भाग असा दगडातून आलेला असतो. जगात माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे जातो. त्याचे कारण या साध्या रासायनिक क्रियेत आहे.

चुन्याचा एक गुण मात्र सांगायला हवा. भिंतीतला चुना सावकाश हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि तसाच घट्ट होतो. भट्टीत दगडातून गेलेला वायू अशा रीतीने बराचसा परत येतो. भट्टीच्या इंधनाचा मात्र परत येत नाही.

आता काळ्या दगडाचे पाहा. रिठदच्या परिसरात विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो तो बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्हाचा तो खडक आहे. तो लाव्हा ११०० अंशांहून अधिक तापलेला होता. म्हणजे दगडही एका अर्थाने भाजलेला माल आहे. पण ती भट्टी निसर्गाने पेटवलेली होती, तिचा हिशेब आपल्या खात्यावर येत नाही. आपल्या खात्यावर येते ते फक्त दगड फोडणे, घडवणे आणि वाहून आणणे.

किलोचा हिशेब

निरनिराळ्या साहित्याचा कार्बन किती, याच्या नोंदी अनेक देशांत झाल्या आहेत. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात जेफ हॅमंड आणि क्रेग जोन्स यांनी तयार केलेली यादी जगभर वापरली जाते. अशा नोंदींच्या आधारे खाली ढोबळ आकडे दिले आहेत. ते १ किलो मालामागे किती किलो कार्बन डायऑक्साइड जातो हे सांगतात.

हाताने थापलेली माती: जवळजवळ ०
यंत्राने दाबलेली माती, सिमेंटविना: ०.०२
यंत्राने काढून कापलेला दगड: ०.०८
भाजलेली वीट: ०.२
इमारती लाकूड: ०.३
चुना: ०.८
सिमेंट: ०.९
काच: १.४
लोखंडी सळई: २
ॲल्युमिनियम: १० किंवा अधिक

हे आकडे देशाप्रमाणे आणि भट्टीप्रमाणे बदलतात. चांगल्या भट्टीतील विटेला ०.१५ पुरेल, तर उघड्यावर रचलेल्या भट्टीत ०.२५ किंवा त्याहून जास्तही लागेल. भारतातील बहुतेक वीज कोळशापासून होते, त्यामुळे आपल्याकडचे पोलाद आणि ॲल्युमिनियम यांचा आकडा मोठा येतो. ब्राझीलमध्ये विजेचा मोठा भाग धरणांतून येतो. तेच ॲल्युमिनियम तेथे तयार झाले तर त्याच्या नावावर पुष्कळ कमी कार्बन लागतो. विद्यार्थ्यांना ही गोष्ट आवर्जून सांगावी. आकडा केवळ पदार्थाचा नसतो, तो पदार्थ तयार करण्याच्या रीतीचाही असतो.

ही यादी पाहून घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. दगड ०.०८ आणि वीट ०.२, तेव्हा दगडी भिंत विटेच्या भिंतीपेक्षा अडीचपट चांगली, असे कोणीही म्हणेल. पण भिंत किलोने बांधत नाहीत.

भिंतीचा हिशेब

आपल्या खोलीच्या चार भिंतींची आतून लांबी २० मीटर, उंची ३ मीटर. क्षेत्रफळ ६० चौरस मीटर. दारे-खिडक्यांचे १० वजा केले तर ५० चौरस मीटर भिंत उरते. आता १ चौरस मीटर भिंतीत किती माल जातो ते पाहू.

विटांची भिंत २३ सेंटीमीटर जाडीची धरू. १ घनमीटर बांधकामात सुमारे ५०० विटा बसतात. एक वीट ३ किलोची धरली तर १५०० किलो, म्हणजे ३०० किलो कार्बन डायऑक्साइड. मधल्या वाळू-सिमेंटच्या मसाल्याचे साधारण ६० किलो. एकूण ३६०. याला ०.२३ ने गुणले की चौरस मीटरला सुमारे ८० किलो येतात.

दगडी भिंत पातळ करता येत नाही. ४५ सेंटीमीटर धरू. १ घनमीटर बांधकामात दगड सुमारे १८०० किलो आणि मसाल्यात सिमेंट ७५ किलो. दगडाचे १४५ आणि सिमेंटचे ६५ मिळून २१० किलो. ०.४५ ने गुणल्यावर चौरस मीटरला सुमारे ९५ किलो. म्हणजे यंत्राने कापलेला दगड वापरला तर दगडी भिंत विटेच्या भिंतीच्या पुढे जाते! तोच दगड गावाच्या खाणीत पहार-सुतकीने फोडला आणि बैलगाडीने आणला, तर दगडाचा वाटा जवळजवळ नाहीसा होतो आणि मसाल्याचा तेवढा उरतो.

मातीची ४५ सेंटीमीटर जाडीची भिंत चौरस मीटरला सुमारे ७६५ किलो भरते. ०.०२ ने गुणले तरी १५ किलोच येतात. मातीत ७ टक्के सिमेंट मिसळून हातयंत्रात दाबलेले ठोकळे घेतले आणि भिंत २३ सेंटीमीटरची केली, तर सुमारे ३० किलो.

आता ५० चौरस मीटर भिंतींचे आकडे एकाखाली एक मांडू.

मातीची भिंत: ७५० किलो
सिमेंट मिसळलेले मातीचे ठोकळे: १,५०० किलो
विटा: ४,००० किलो
यंत्राने कापलेला दगड: ४,७५० किलो

हे आकडे डोळ्यांपुढे यावेत म्हणून एक माप देतो. १ लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. विटांच्या चार भिंती म्हणजे ट्रॅक्टरमध्ये जवळजवळ १,५०० लिटर डिझेल जाळण्यासारखे झाले.

छप्पर अजून राहिलेच आहे. ३० चौरस मीटरचा, १२ सेंटीमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब टाकला तर ३.६ घनमीटर काँक्रीट आणि सुमारे ३०० किलो सळई लागते. काँक्रीटचे १,१५० आणि सळईचे ६०० मिळून १,७५० किलो. त्याऐवजी लाकडी आढे-वासे आणि कवेलू वापरले तर सुमारे ५०० किलो. कवेलूही भाजलेलेच असतात, पण ते पातळ असतात. येथेही किलोपेक्षा कामाला किती माल लागतो हे महत्त्वाचे ठरते. हे सर्व आकडे हिशेब शिकण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष बांधताना जाडी आणि सळई जाणकार अभियंत्यानेच ठरवावी.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान तयार करणारा ‘अस्त्र’ हा विभाग सुरू झाला. तेथील बी. व्ही. वेंकटराम रेड्डी आणि के. एस. जगदीश यांनी २००३ साली भारतीय इमारतींच्या अंतर्भूत ऊर्जेचे मोजमाप प्रसिद्ध केले. काँक्रीटचे खांब-तुळया व विटांच्या भिंती असलेल्या बहुमजली इमारतीला दर चौरस मीटर जमिनीमागे ४.२१ गिगाजूल, विटांच्या भारवाही भिंतींच्या दुमजली घराला २.९२ गिगाजूल आणि माती-सिमेंटच्या ठोकळ्यांच्या घराला १.६१ गिगाजूल ऊर्जा लागल्याचे त्यांना आढळले. पहिल्याच्या तुलनेत तिसरे निम्म्याहूनही कमी. वरच्या आपल्या ढोबळ हिशेबाची दिशा याच्याशी जुळते.

महाराष्ट्रातील काही संग्रहालये

हा हिशेब मनात ठेवून आता खरोखरीच्या संग्रहालयांकडे वळू.

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. त्याची कोनशिला १९०५ साली बसवली गेली. वास्तुकार होते जॉर्ज विटेट. इमारत १९१४ साली पूर्ण झाली, पण पहिल्या महायुद्धात तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासाठी झाला आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ साली खुली झाली. तिच्या भिंती कुर्ल्याच्या निळसर काळ्या बेसाल्टच्या आणि मालाडच्या पिवळसर दगडाच्या आहेत. दोन्ही दगड मुंबईच्याच परिसरातले आणि दोन्ही ज्वालामुखीतून आलेले. रिठदच्या विहिरीतला काळा पाषाण आणि कुर्ल्याचा दगड एकाच कुळातले आहेत. या इमारतीतील आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. मधल्या दालनात अठराव्या शतकातील एका वाड्याचे लाकडी खांब, कठडे आणि सज्जा बसवलेले आहेत. म्हणजे नव्या इमारतीत जुन्या इमारतीचा माल पुन्हा कामाला आला.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही असेच उदाहरण आहे. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष तेथे आणून दालन पुन्हा उभे केले आहे. हे केले ते इतिहास जपण्यासाठी, कार्बनसाठी नव्हे. पण दोन्ही हेतू एकाच कृतीने साधतात.

भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली खुले झाले. शतकाहून अधिक काळ गेल्यावर ते जीर्ण झाले होते. ते पाडले नाही. वास्तुकार विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली त्याची दुरुस्ती झाली आणि २००८ साली ते पुन्हा लोकांसाठी उघडले. अशा दुरुस्तीतही थोडा कार्बन खर्च होतोच. पण पाया, भिंती आणि खांब यांचा मोठा खर्च दीडशे वर्षांपूर्वीच झालेला आहे. इमारत पाडली असती तर तो वाया गेला असता आणि नव्या इमारतीसाठी तेवढाच किंवा त्याहून मोठा खर्च पुन्हा करावा लागला असता.

विदर्भातले उदाहरण अगदी वेगळे आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात १९३६ साली गांधीजी राहायला आले. तेथील आदिनिवास आणि बापूकुटी या वास्तू माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांच्या आहेत. गावातलाच माल आणि गावातलेच कारागीर वापरावेत असा गांधीजींचा आग्रह होता. आज या वास्तूच संग्रहालयासारख्या जपल्या आहेत आणि लोक त्या पाहायला येतात. मातीची भिंत टिकत नाही असे म्हणणाऱ्याला सेवाग्राम दाखवावे. मात्र त्याला हेही सांगावे, की ती भिंत टिकली त्यामागे दरवर्षीचे सारवण, कवेलू फेरणे आणि पावसापासून राखणे आहे. मातीची भिंत कार्बन मागत नाही, पण माणसाचे हात मागते.

साओ पाउलोतील दोन इमारती

हा प्रश्न केवळ आपला नाही. ब्राझीलमधील साओ पाउलो या शहरात दोन प्रसिद्ध कलासंग्रहालये आहेत. त्यांची तुलना या विषयात फार बोलकी आहे.

पहिले ‘मास्प’ या नावाने ओळखले जाते. लीना बो बार्दी या वास्तुकार बाईंनी त्याची रचना केली आणि १९६८ साली ते खुले झाले. सारी इमारत काँक्रीटच्या प्रचंड तुळयांवर अधांतरी धरलेली आहे. तिच्याखाली सत्तर मीटरहून अधिक लांबीची जागा एकाही खांबाशिवाय मोकळी सोडली आहे. ती जागा शहरातील लोकांची सभेची, बाजाराची, मोर्चाची जागा झाली. पण खांबांमधील अंतर वाढले की तुळई जाड करावी लागते, तिच्यात पोलाद वाढवावे लागते. मोकळ्या जागेची किंमत कार्बनमध्येही मोजावी लागली. ती योग्य होती का, याचे उत्तर एकट्या आकड्यातून मिळणार नाही. पन्नासहून अधिक वर्षे लाखो लोकांनी वापरलेली जागा आणि एखाद्या श्रीमंताच्या बंगल्यातील दिवाणखाना यांना एकाच तराजूत घालता येत नाही.

दुसरे संग्रहालय पिनाकोटेका. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या विटांच्या इमारतीत आहे. तिच्या विटांवर कधीच गिलावा चढला नाही. पाउलो मेंडेस दा रोशा यांनी १९९०च्या दशकात तिचे नूतनीकरण केले, ते १९९८ साली पूर्ण झाले. त्यांनी जुन्या विटा तशाच उघड्या ठेवल्या, आतल्या चौकांवर काचेचे छप्पर घातले आणि चौक ओलांडायला पोलादी पूल टाकले. काच आणि पोलाद हे दोन्ही यादीत खाली बसणारे, किलोमागे फार कार्बनचे पदार्थ. पण ते थोडेच वापरले आणि त्यांच्या आधारे हजारो टन जुन्या विटा पुन्हा उपयोगात आणल्या. येथे आपल्याला एक नियम सापडतो. जास्त कार्बनचा माल वाईट नसतो. तो बेताने, जेथे दुसरा माल चालणार नाही तेथेच वापरावा.

किल्लारीचा धडा

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, की लेखाचा सारांश ‘मातीकडे आणि दगडाकडे परत चला’ एवढाच आहे. तसे नाही, आणि तसे सांगणे धोक्याचेही आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच दगावली. त्यांच्यापैकी बहुतेकांचा जीव घेतला तो जाड दगडी भिंतींनी आणि त्यांच्यावरच्या मातीच्या जड माळवदांनी. भिंतींचे दोन पदर मातीच्या मसाल्यात रचलेले होते. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आडवे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसताच पदर सुटले आणि छत खाली आले. आपल्या कोष्टकात ही भिंत सर्वांत स्वस्त ठरली असती. दरवर्षी पावसाळ्यात भिजलेल्या मातीच्या भिंती पडून माणसे मरतात, हेही आपण वर्तमानपत्रांत वाचतो.

पेरू देशाच्या कोरड्या किनाऱ्यावर चान चान हे कच्च्या विटांचे विस्तीर्ण प्राचीन शहर आहे. ते शतकानुशतके उभे राहिले, कारण तेथे पाऊस जवळजवळ नसतो. एल निनोच्या वर्षी पाऊस आला की त्याच्या भिंती विरघळू लागतात. १९८६ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी ते धोक्यातील वारशांच्या यादीतही गेले. मातीचा शत्रू पाणी. आपल्याकडे तर चार महिने पाऊस पडतो.

तेव्हा रिठदसारख्या गावात एखाद्या घराने धाबे पाडून स्लॅब टाकला, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. गळणारे छत, उंदरांची बिळे, विंचू आणि दरवर्षीचे सारवण यांतून त्या घराला सुटका हवी असते. सारवणाचे काम बहुतेक घरांत बायकांच्याच वाट्याला येते, हेही विसरू नये.

पण कच्चे आणि पक्के यांच्या मध्ये बरीच जागा आहे. जोते दगडाचे घ्यावे, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. भिंती माती-सिमेंटच्या दाबीव ठोकळ्यांच्या कराव्यात. जोत्याच्या पातळीवर आणि दारा-खिडक्यांच्या माथ्यावर सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरवावा. तो खोलीला पेटीच्या पट्टीसारखा बांधून धरतो, भूकंपात भिंती एकमेकींपासून सुटू देत नाही. वर कवेलूचे हलके छप्पर आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील एवढे पुढे आलेले वासे. आपल्या खोलीसाठी अशा दोन पट्ट्यांचा कार्बन सुमारे ४०० किलो होतो. ठोकळ्यांचे १,५००, छपराचे ५०० आणि पट्ट्यांचे ४०० मिळून २,४०० किलो. विटा आणि स्लॅबच्या खोलीचे होतात ५,७५०. निम्म्याहून कमी कार्बनमध्ये सुरक्षित खोली मिळते. सिमेंट आणि सळई येथेही आहेत, पण जेथे त्यांच्यावाचून चालत नाही तेथेच.

विजेचा वाटा

संग्रहालयाच्या बाबतीत आणखी एक खाते पाहावे लागते. आपल्या खोलीत दिवे-पंख्यांना वर्षाला ३०० युनिट वीज लागली आणि एका युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला २१० किलो होतात. विटा-स्लॅबच्या ५,७५० किलोंची बरोबरी व्हायला २७ वर्षे लागतील. गावातल्या साध्या इमारतीत बांधकामाचाच वाटा मोठा असतो.

पण त्याच खोलीत वातानुकूलन यंत्र बसवून ते रात्रंदिवस चालू ठेवले आणि ते तासाला सरासरी एक युनिट वीज घेऊ लागले, तर वर्षाला ८,७६० युनिट, म्हणजे ६,१०० किलोंहून अधिक. सारी इमारत बांधताना जेवढा कार्बन गेला त्यापेक्षा जास्त एका वर्षात! म्हणून आधी विचारावे, की थंडावा कोणाला हवा आहे? तिफण, जाते, तांब्याची भांडी यांना नको. कागद, कापड, कातडे यांना हवा असतो तो मुख्यतः ओलाव्यातील चढउतारापासून बचाव. जाड भिंत, सावली, वारा खेळता ठेवणारे झरोके आणि अशा मोजक्या वस्तूंसाठी घट्ट बंद होणारे एखादे कपाट, एवढ्याने पुष्कळ काम होते.

काळी आणि पांढरी

शेवटी मातीविषयी थोडे. वऱ्हाडात शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गाववस्तीच्या जागेला पांढरी. काळी माती भिंतीला चालत नाही. तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकताना आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा हे त्याचेच लक्षण. म्हणून घराच्या भिंतींसाठी आणि धाब्यासाठी पूर्वापार पांढरी मातीच वापरतात.

पण ही पांढरी माती आली कोठून? पिढ्यान्‌पिढ्या पडलेली घरे, चुलीची राख आणि वस्तीचा केरकचरा साचून ती तयार झालेली असते. तिच्यात खापरे, मणी, कधी नाणीही सापडतात. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. या भागातील पांढरीच्या टेकाडांत फार जुना इतिहास दडलेला असू शकतो. संग्रहालय बांधण्यासाठी असे टेकाड खणून नेले, तर संग्रहालयात ठेवण्याजोगा पुरावाच नाहीसा होईल. सुदैवाने मातीचा एक गुण येथे उपयोगी पडतो. पडलेल्या घराची माती भिजवून, मळून पुन्हा भिंतीला लावता येते. भाजलेल्या विटेची पुन्हा माती होत नाही. गावात नवी घरे होत असताना जुन्या भिंतींची जी माती उकिरड्यावर जाते, तीच आपल्या खोलीला पुरू शकेल. त्याहूनही आधी एक गोष्ट पाहावी. गावात एखादा जुना, पण अजून सरळ उभा असलेला वाडा किंवा शाळेचीच न वापरलेली खोली आहे का? असेल तर ती दुरुस्त करण्याइतका कमी कार्बन कोणत्याही नव्या भिंतीत सापडणार नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. काचेच्या उंच बाटलीत एक तृतीयांश माती भरून वर पाणी घाला. चिमूटभर मीठ टाकून जोरात हलवा आणि दोन दिवस ठेवा. तळाशी वाळू, तिच्यावर गाळ आणि सर्वांत वर चिकणमाती असे थर दिसतील. काळी, पांढरी आणि मुरूम अशा तिन्हींचे थर पट्टीने मोजून तुलना करा. ठोकळ्यांसाठी वाळूचा भाग निम्म्याहून अधिक असलेली माती चांगली.

२. चुन्याच्या निवळीत नळीने सावकाश फुंकर घाला. निवळी तोंडात जाऊ देऊ नका. ती दुधाळ होते ते कॅल्शियम कार्बोनेट तयार झाल्यामुळे. भिंतीतला चुना वर्षानुवर्षे हेच करत असतो.

३. शाळेच्या एका खोलीच्या भिंतींची लांबी, उंची आणि जाडी मोजा. दारे-खिडक्या वजा करा. वर दिलेल्या रीतीने तिचा अंतर्भूत कार्बन काढा आणि तो किती लिटर डिझेलइतका होतो ते सांगा.

४. गावातील एका गवंड्याला आणि एका म्हाताऱ्या बाईंना वर्गात बोलवा. जुन्या भिंती कशा घालत, कोणती माती कोठून आणत, धाबे कितव्या वर्षी उकलावे लागे, हे त्यांना विचारा आणि वहीत उतरवून घ्या.

५. वरच्या वर्गांसाठी एक प्रश्न. अकोला जिल्ह्यातील पारस येथे कोळशावर चालणारे वीजकेंद्र आहे. तेथील राखेपासून न भाजता विटा करता येतात. राख तयार होताना जळलेल्या कोळशाचा कार्बन विजेच्या खात्यावर टाकायचा की विटेच्या? दोन गट करून वाद घाला. दोन्ही बाजूंना सबळ मुद्दे आहेत, आणि जगातील तज्ज्ञही या प्रश्नावर अजून एकमत झालेले नाहीत.